चोरी पसरत नाही, साचते

पहाटे साडेपाचला दूध घ्यायला दार ओढलं तर उघडेना. पावसाळा होता, वाटलं लाकूड फुगलं असेल. जोर लावला, तरी हलेना. मग कळलं की बाहेरून कडी घातलीय. खालच्या मजल्यावरच्या काकांना फोन केला. ते वर आले, कडी काढली आणि समोरच्या दाराकडे बघत नुसते उभे राहिले. समोरचे लोक चार दिवसांसाठी गावी गेले होते. त्यांच्या दाराचा कोयंडा स्क्रूसकट उखडून लोंबकळत होता. कुलूप मात्र जसंच्या तसं बंद, एक ओरखडा नाही. चांगल्या कंपनीचं महागडं कुलूप, आणि ते धरून ठेवायला लाकडात अर्धा इंच गेलेले चार गंजके स्क्रू.

मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी होते. संध्याकाळी मीटिंग बसली आणि तीन मागण्या पुढे आल्या: पोलिसांनी गस्त वाढवावी, गेटवर कॅमेरे लावावेत आणि बाहेरच्या माणसांना आत सोडू नये. मी तसा अर्ज लिहिला, चौकीवर नेऊन दिला आणि पोच घेतली. पुढची काही वर्षं या ना त्या कारणानं चौकीवर जाणं होत राहिलं, थोडं वाचनही झालं. आता वाटतं, त्या तीन मागण्यांपैकी पहिली अर्धी बरोबर होती, दुसरी पावभर आणि तिसरी बहुतांशी चूक. का, ते सांगते.

आधी पोलीस ठाणं आतून कसं चालतं ते बघू. ठाण्याची हद्द मोठी असते, म्हणून ती चौक्यांमध्ये वाटलेली असते. ग्रामीण भागात त्याला दूरक्षेत्र म्हणतात. चौकीच्या हद्दीचे पुन्हा तुकडे पाडतात, तो बीट. बीट अंमलदार म्हणजे त्या तुकड्याची जबाबदारी असलेला हवालदार किंवा शिपाई. मोटरसायकलवर जोडीनं फिरतात ते बीट मार्शल. ११२ ला फोन केला की सहसा जवळची गाडी किंवा हेच मार्शल येतात. गुन्हा उघडकीला आणायचं काम ठाण्यातल्या डीबी पथकाचं, म्हणजे गुन्हे प्रकटीकरण पथकाचं. थोडक्यात, चोर पकडणारा वेगळा आणि चोरी होऊ नये म्हणून फिरणारा वेगळा. आपण मात्र दोघांना एकच समजून भांडतो.

बीट अंमलदाराच्या गळ्यात काय काय असतं ते ऐकलं की राग थोडा उतरतो. समन्स बजावायचे, पासपोर्टची पडताळणी करायची, आरोपीला कोर्टात न्यायचं, मेडिकलला न्यायचं. मग गणपती, मोहरम, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, क्रिकेटची मॅच. या सगळ्याला एकच शब्द आहे, बंदोबस्त. बीट कागदावर कायम भरलेला दिसतो आणि बीटचा माणूस मात्र भलत्याच चौकात दोरी धरून उभा असतो.

गस्त आणि पॉइंटची वही

आमच्या गेटजवळ पत्र्याची एक पेटी होती, आत वही. रात्री पोलीस यायचे, वेळ लिहून सही करून जायचे. हा पॉइंट. आता बऱ्याच शहरांत वहीच्या जागी क्यूआर कोडचा स्टिकर आलाय, मोबाइलवर स्कॅन केला की साहेबांना दिसतं. सोय चांगली आहे, फक्त त्यातून पोलीस पेटीपर्यंत आले एवढंच सिद्ध होतं. आमच्या वहीची पानं मी एकदा सहज उलटली. सह्या बहुतेक रात्री बारा ते एकच्या मधल्या. घरफोडी झाली होती पहाटे तीननंतर. आणि भर दुपारी, नवराबायको दोघंही कामावर असताना बंद फ्लॅट फोडणारे असतात, त्यांना तर रात्रीच्या गस्तीशी काही देणंघेणंच नाही.

गस्तीनं खरंच चोऱ्या कमी होतात का, हे अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी १९७२-७३ मध्ये करून पाहिलं. शहराच्या एका भागातले १५ बीट घेतले आणि पाच-पाचचे तीन गट केले. पहिल्या गटात गस्त बंद, फोन आला तरच गाडी जायची. दुसऱ्यात नेहमीसारखी गस्त. तिसऱ्यात दुप्पट-तिप्पट गाड्या. वर्षभरानं मोजलं तर तिन्ही गटांत फारसा फरक नाही. गंमत म्हणजे लोकांनाही तो जाणवला नव्हता. गस्त बंद केलेल्या भागातल्या लोकांना गस्त बंद झाल्याचा पत्ताच नव्हता.

काही वर्षांनी अमेरिकेतल्याच न्यूअर्क शहरात पोलिसांना गाडीतून उतरवून पायी फिरवलं. गुन्हे तिथंही कमी झाले नाहीत, पण लोकांची भीती कमी झाली आणि पोलिसांबद्दलचं मत सुधारलं. ही गोष्ट किरकोळ समजू नये. भीतीनं संध्याकाळी सातलाच रिकामा होणारा रस्ता आणि साडेनऊपर्यंत बायका शतपावली करतात तो रस्ता यांत फरक आहे. मात्र भीती कमी होणं आणि चोरी कमी होणं ही दोन वेगळी कामं आहेत. आमच्या वॉचमनची शिट्टी पहिलं काम छान करायची. दुसऱ्या कामात ती चोराच्याच उपयोगाची, कारण वॉचमन आत्ता कुठे आहे हे तिच्यावरून त्याला बसल्या जागी कळायचं.

मग गस्त वायाच जाते का? नाही. ती सगळीकडे सारखी शिंपडली की वाया जाते. अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शेरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तिथल्या मिनियापोलिस शहरातून पोलिसांना आलेले वर्षभराचे फोन पत्त्यांवर मांडले. शहरातल्या सुमारे ३ टक्के पत्त्यांवरून निम्मे फोन आले होते. बाकीच्या बहुतेक पत्त्यांवरून एखादा किंवा तोही नाही. पावसाचं पाणी सगळ्या रस्त्यावर पडतं, पण साचतं ठराविक खड्ड्यांत, तसंच हे. पुढे अशा खड्ड्यांवरच, म्हणजे एखाद्या चौकावर किंवा गल्लीच्या तोंडाशी पोलीस नेमून पाहिले तेव्हा गुन्हे कमी झाले. तेही तासन्‌तास उभं राहून नाही. क्रिस्टोफर कोपर या संशोधकानं या प्रयोगातली निरीक्षणं तपासली. त्यांत एका ठिकाणी १० ते १५ मिनिटं थांबण्याचा उपयोग सर्वांत जास्त दिसला. पोलीस निघून गेल्यावरही काही वेळ तिथं शांतता टिकते. त्याहून जास्त थांबलं तर फायदा वाढत नाही. सायरन वाजवत कॉलनीला अर्ध्या मिनिटात चक्कर मारून जाण्यापेक्षा एका अंधाऱ्या कोपऱ्यावर गाडी लावून चहा प्यायलेला बरा. हे मी एकदा चौकीवर बोलून दाखवलं. साहेब म्हणाले, “मॅडम, चहा पिताना दिसलो की तुम्हीच फोटो काढून ग्रुपवर टाकता.” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आम्ही आमचा नकाशा केला तो असा. महापालिकेच्या लेआउटची झेरॉक्स घेतली आणि आठवेल तेवढी प्रत्येक घटना लाल पेननं मांडली. पेट्रोल काढलेल्या गाड्या, ओढलेली मंगळसूत्रं, फोडलेली घरं, पळवलेले मोबाइल. बहुतेक लाल ठिपके दोन ठिकाणी पडले. एक, नाल्याकडेची पाऊलवाट जिथे कॉलनीत शिरते ते तोंड. तिथला पथदिवा कितीतरी महिने बंद होता आणि शेजारच्या प्लॉटची भिंत पडलेली. दुसरं, मंदिरासमोरचं वळण. तिथं रस्ता अरुंद होतो, चालणाऱ्या बाईच्या अगदी जवळून मोटरसायकल जाते आणि पन्नास पावलांवर हायवेचा सर्व्हिस रोड. साखळी ओढली की वीस सेकंदांत गाडी शहराबाहेर. गेटवर कॅमेरे लावायचा ठराव आम्ही बहुमतानं पास केला होता आणि गेटवर एकही लाल ठिपका नव्हता.

पहिल्या ठिकाणाचा इलाज पोलिसांच्या हातात नव्हताच. दिवा महापालिकेच्या विद्युत विभागाचा, भिंत प्लॉटमालकाची. बीट अंमलदारानं एवढंच केलं की वॉर्ड ऑफिसला स्वतः पत्र दिलं. सोसायटीचं पत्र तिथं फाइलला लागतं, ठाण्याच्या शिक्क्याचं पत्र टेबलावर राहतं. दिवा लागला. वस्तीतल्या पोलिसिंगचा बराच भाग असा असतो, दुसऱ्या खात्याच्या मागे लागण्याचा. बातमीत तो येत नाही.

फुटलेलं घर पुन्हा फुटतं

साचण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपण म्हणतो, एकदा चोरी झाली, आता चोर इकडे परत कशाला येतोय! प्रत्यक्षात तो परत येतो. त्याला वाट माहीत झालेली असते, कुत्रा कुठल्या घरात आहे ते कळलेलं असतं आणि शेजारच्या दारांनाही तसलेच कोयंडे आहेत हे त्यानं बघून ठेवलेलं असतं. घरफोडीनंतरचे पहिले एक-दोन आठवडे त्या घराला आणि लगतच्या घरांना नेहमीपेक्षा जास्त धोका असतो, असं बऱ्याच देशांतल्या नोंदींत दिसलंय.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ रॉचडेल गाव आहे, तिथली कर्कहोल्ट ही कामगारांची मोठी वसाहत. १९८० च्या दशकाच्या मध्याला तिथं घरफोड्यांनी लोक हैराण झाले होते. आकडे काढल्यावर दिसलं की एकदा फुटलेल्या घराला वर्षभरात पुन्हा फुटण्याचा धोका इतर घरांच्या चौपट होता. मग सगळ्या वसाहतीवर पैसे उधळण्याऐवजी फक्त फुटलेल्या घरांकडे लक्ष दिलं. त्या घरांत नाणी टाकून चालणारे गॅस-विजेचे मीटर होते, म्हणजे घरोघरी रोख पैशांची पेटीच. ते बदलले. दारं-खिडक्या पक्क्या केल्या. आणि आजूबाजूच्या सहाएक घरांना सांगितलं की थोडे दिवस या घरावर नजर ठेवा. तीन वर्षांत तिथल्या घरफोड्या पाव हिश्श्यावर आल्या. हे झालं ज्याची जखम आहे त्यालाच मलम लावल्यामुळे.

आमच्याकडे याचा सोपा अनुवाद करता येतो. चोरी झाली की पंधरा दिवस त्या जिन्यातल्या आणि मागच्या-पुढच्या इमारतीतल्या लोकांनी जागं राहायचं. बाहेरून कडी-कोयंडा आणि कुलूप लावायची सवय सोडून दारातच बसवलेलं लॅच वापरायचं, कारण लोंबणारं कुलूप म्हणजे घरात कोणी नसल्याची पाटीच. गावी जाताना पेपर आणि दूध बंद करायचं, शेजाऱ्याला सांगायचं, चौकीलाही कळवायचं. आणि मेहेरबानी करून स्टेशनवरूनच फोटो टाकू नयेत.

नोंद

साचलेलं दिसायला नोंद लागते, आणि इथं आपली गाडी रुतते. पोलिसांकडे तीन वेगवेगळे कागद असतात आणि आपल्याला तिन्ही सारखेच वाटतात. एक, तक्रार अर्ज. त्यावर पोच मिळते, पण गुन्हा दाखल झालेला नसतो. दुसरा, एनसी म्हणजे अदखलपात्र. शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की यांत जाते, आणि मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तिसरा एफआयआर, दखलपात्र गुन्ह्याचा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस स्वतःहून सुरू करू शकतात अशा गुन्ह्याचा. चोरी दखलपात्र असते. (नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतल्या चोरीला काही अटींवर समाजसेवेच्या शिक्षेची सोय आहे आणि ती चोरी अदखलपात्रात जाते, ते सोडून.) दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर घ्यावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगून ठेवलंय. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्यावी.

चौथा एक कागद आहे, त्यापासून जपा. गहाळ दाखला. मोबाइल हातातून हिसकावून नेला आणि आपण विम्यासाठी किंवा सिमकार्डासाठी घाईत “हरवला” असं लिहून देतो. कधी टेबलामागून सुचवलं जातं, कधी आपल्यालाच कोर्टाच्या चकरा नको असतात. तसे कागद मीही एकदा लिहून दिलेत. परिणाम असा की मंदिरासमोरच्या वळणावर हिसकावलेले मोबाइल ठाण्याच्या दप्तरी “हरवतात”, वळण स्वच्छ दिसतं आणि बंदोबस्तातून वाचलेला एकुलता एक मार्शल भलतीकडे पाठवला जातो. याला ठाण्याचंही एक गणित आहे. गुन्हे जास्त नोंदले की आकडा वाढतो आणि वरून विचारणा होते. आकडा वाढला म्हणून अधिकाऱ्याला झोडपणारे आपण आणि आपली वर्तमानपत्रं या लपवालपवीत थोडे भागीदार आहोतच.

कॅमेऱ्यांचं थोडक्यात. चोरी झाल्यावर तपासाला त्यांचा खूप उपयोग होतो, डीबी पथक आधी फुटेजच मागतं. चोरी अडवण्यात मर्यादित, कारण हेल्मेट आणि रुमाल दोन्ही स्वस्त आहेत. लावायचे तर वळणावर लावा, नंबर प्लेट दिसेल अशा उंचीवर, आणि रेकॉर्डिंग चालू आहे का हे महिन्यातून एकदा बघा. आमचं बंद होतं.

माणसंही जागांसारखीच. थोडे सराईत बऱ्याच गुन्ह्यांमागे असतात, म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली तडीपारी होते, जास्तीत जास्त दोन वर्षं. तडीपार माणूस हद्दीतच सापडल्याच्या बातम्या इतक्या येतात की त्यावर वेगळं काही लिहायला नको.

“बाहेरचे लोक”

तिसऱ्या मागणीकडे येते. “बाहेरच्यांना सोडू नका” म्हणताना आमच्या मीटिंगमध्ये कोणाच्या डोळ्यांसमोर कोण होतं? भंगारवाला, धुणीभांडीवाल्या मावशी, पालं टाकून राहणारी माणसं. चांगल्या कपड्यांतला, पाठीला सॅक लावलेला तरुण नव्हता. गेटवर कोणाला विचारायचं आणि कोणाला नाही हे वॉचमननं आमच्याकडे बघूनच ठरवलं होतं.

आपल्याकडे या नजरेला मोठा इतिहास आहे. जुन्या गावगाड्यात राखण करायची ती रामोशी, भिल्ल, महार अशा लोकांनी. चोरी झाली की रामोशी चोराच्या पावलांचा माग काढत जायचा, आणि माग दुसऱ्या गावच्या शिवेत शिरला की पुढची जबाबदारी त्या गावच्या राखणदारावर. बीट आणि हद्द यांची ही आपली जुनी आवृत्तीच म्हणायची. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि अख्ख्या जमातींवर जन्माचा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. रामोशी आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गाव राखलं, त्यांच्या वाट्याला संशय आला.

आणि हा संशय माणसं मारतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आलीय या व्हॉट्सॲपवरच्या अफवेतून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथं दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असेच गेले. लॉकडाऊनचे दिवस, चोर फिरत असल्याच्या अफवा आणि रात्रीची गावगस्त. नुसती काठी घेऊन जागणाऱ्या गस्तीला नेमकी माहिती नसेल तर ती कुठवर जाऊ शकते, ते इथं दिसतं. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर नियम केला: संशयिताचा फोटो टाकायचा नाही, ११२ ला फोन करायचा. दोनदा मोडला गेला, दोन्ही वेळा फोटोतला माणूस कुरिअरवाला निघाला.

लोक आणि पोलीस एकत्र बसले की काय होऊ शकतं, याचं आपल्याकडचं सर्वांत गाजलेलं उदाहरण भिवंडीचं. १९७० आणि १९८४ मध्ये दंगलीत होरपळलेलं गाव. १९८८ मध्ये तिथं उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. दोन्ही धर्मांचे साधे लोक, सोबत त्या भागाचा पोलीस, नियमित बैठका, आणि विषय अगदी किरकोळ: नळावरचं भांडण, उधारी, पोरांची मारामारी. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. कमिटीतल्या शिपायाला मोहल्ल्यातली माणसं नावानं माहीत होती आणि अफवा आली की दोन्हीकडून फोन करून खातरजमा करता येत होती.

पण कमिटी नेमली की काम झालं असं नाही. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, युगांडा, पाकिस्तान आणि फिलिपिन्स या सहा देशांत असेच उपक्रम एकाच वेळी राबवून मोजमाप केलं गेलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: गुन्हे घटले नाहीत, पोलिसांवरचा विश्वासही वाढला नाही. कारणं वाचली तेव्हा मला आमची चौकीच डोळ्यांसमोर आली. वरिष्ठांना त्यात रस नाही, लोकांनी सांगितलेल्या गोष्टींचा पाठपुरावा करायला माणसं आणि साधनं नाहीत, आणि ज्यांना शिकवून तयार केलं त्यांच्याच बदल्या.

आमच्या बीटच्या हवालदारांचीही झाली. दिव्याचं पत्र नेणारे तेच. नाल्याच्या तोंडाशी कोण बसतं, कुठल्या घरात आजी एकटी असते, कोणाचं पोर रात्री उशिरा गाड्या फिरवतं, सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि डोक्याबरोबर गेलं. नवीन आलेल्या तरुण शिपायानं फोनवर विचारलं, “तुमची कॉलनी नेमकी कुठून कुठपर्यंत?” मी म्हटलं, या, दाखवते. लाल ठिपक्यांची झेरॉक्स कपाटात होती. त्यानं ती टेबलावर पसरली, मंदिराच्या वळणावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे मोबाइलचे आमच्या रेकॉर्डला का नाहीत?”